सॅक्सोफोनच्या मागचं गाणं

काल शनिवार. आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होतो आणि शफलवर अचानक 'केअरलेस व्हिस्पर' लागलं. जॉर्ज मायकल, १९८४. ती सॅक्सोफोनची सुरावट वाजली की मला हसूच येतं. तुम्हालाही येत असेल. आमच्या पिढीने हे गाणं ऐकलंय तेच मुळी चेष्टेत. हॉस्टेलवर कुणी टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर आला की मोबाईलवर हीच धून. पुढचं गाणं ऐकतंय कोण!

काल हात अडकले होते, म्हणून पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. आणि लक्षात आलं, हे प्रेमगीत नाहीच. फसवणूक केलेल्या माणसाचं गाणं आहे. मनात अपराध घेऊन त्याला आता नाचताच येत नाही. शीर्षकातली कुजबुजही एका मित्राचीच.

मग नेहमीप्रमाणे इस्त्री बंद आणि वाचन सुरू.

जॉर्जला ही सुरावट सुचली ती बसमध्ये, तिकिटाचे पैसे देताना. वय जेमतेम १७. गाणं त्याने अँड्र्यू रिजलीबरोबर पूर्ण केलं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात, मसल शोल्सला जेरी वेक्सलरने ते रेकॉर्ड केलं. वेक्सलर म्हणजे अरिथा फ्रँकलिन आणि रे चार्ल्सचा निर्माता, सोल संगीतातला बाप माणूस! पण जॉर्जला ते पसंत पडेना. त्याने ते बाजूला ठेवून लंडनमध्ये स्वतः पुन्हा केलं. सॅक्सोफोनसाठी वादकामागून वादक बदलले. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी आला. त्याच्या वाद्यावर वरचा सूर नीट लागेना, म्हणून टेपचा वेग कमी करून त्याच्याकडून अर्धा सूर खाली वाजवून घेतलं आणि मग टेप परत मूळ वेगावर आणली. आमच्या भाषेत वर्कअराउंड :)

गाणं ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं. गंमत म्हणजे, सुरांवर एवढी मेहनत घेणारा जॉर्ज पुढे शब्दांबद्दल मात्र नाराज होता. आपण इतक्या सहज लिहिलेले शब्द लोकांना एवढे का लागतात, याचंच त्याला वाईट वाटायचं.

इथे मी थांबलो. कारण सहज बोललेले शब्द कुठवर जातात, हे मला चांगलं माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा रूममेट माझ्याच टीममध्ये होता. एका रात्री त्याने सांगितलं, बाहेर इंटरव्ह्यू देतोय, कुणाला बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा घेताना ऑनसाइटला कोण जाणार हा विषय निघाला. मी हसत हसत लीडला म्हणालो, "त्याला कशाला पाठवताय, तो तर दुसरीकडे चाललाय." मनात काही नव्हतं हो. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

दोन आठवड्यांनी यादी आली. त्याचं नाव नव्हतं. माझं होतं.

त्याची बाहेरची नोकरीही झाली नाही. एकदा त्याने विचारलं, "कुणाला कळलं असेल रे?" मी म्हणालो, "काय माहीत." आणि तीन महिने परदेशात राहून आलो. येताना त्याच्यासाठी चॉकलेटं आणली.

टपरीवरचं वाक्य निसटलं होतं, असं म्हणता येईल. "काय माहीत" मात्र निसटलेलं नव्हतं.

काल संध्याकाळी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, टपरीपासून चॉकलेटपर्यंत. तो बराच वेळ गप्प होता. मग "बोलू नंतर" म्हणाला आणि फोन ठेवला. आज रविवारची रात्र झाली, अजून त्याचा फोन नाही. येईलच असंही नाही.

असो. ते गाणं आता चेष्टेत वाजवणं मला जमायचं नाही. शर्ट मात्र तीनच झालेत. बाकीचा आठवडा चुरगळलेलाच जाणार.