कोंबडीला थंडी नव्हे, ओल बाधते

मँचेस्टरचा पाऊस कोकणातल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. नोव्हेंबरात लागलेली झिमझिम मार्चपर्यंत रेंगाळते. परसात कोंबड्या पाळायच्या तर या ओल्या थंडीशी गाठ असते. रत्नागिरीहून आईचा फोन आला की तिला आधी त्यांचीच काळजी. "गारठतील गं बिचाऱ्या. खुराड्याच्या फटी बुजव, वरून गोणपाट टाक."

माया खरी, पण इथल्या हवेत हा उपाय घातक आहे. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. रात्री ती दांडीवर पिसं फुगवून बसते, पिसांत हवा धरून ठेवते आणि पायाची बोटं पोटाखाली झाकून घेते. म्हणून दांडी बारीक, गोल नको. रुंद, सपाट हवी, म्हणजे बोटं उघडी पडत नाहीत. अंग कोरडं असलं की शून्याखालची रात्रही ती निभावते. तिला खचवते ती ओल. बंद खुराड्यात श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडते, अमोनिया झोंबतो, छाती भरते, आणि कडाक्याच्या रात्री दमट हवेत तुऱ्याची टोकं काळी पडतात. सकाळी दार उघडलं की मी खिडकीच्या काचेवरून आतून हात फिरवते. हात ओला झाला तर झरोका आणखी उघडायचा. हा झरोका छपरालगत, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवा. वारा अंगावर येऊ नये, वाफ मात्र निघून जावी.

बाहेर चिखल. तिथे मी लाकडाच्या ढलप्या पसरते. झाडाची साल टाळते, कारण भिजली की ती बुरशी धरते आणि ती बुरशी फुप्फुसात जाते. एका कोपऱ्यावर पन्हळी पत्रा घातलाय, त्याखाली पसरट टबात कोरडी माती आणि चुलीची राख. धुळीत लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा झटकतात, आणि इथल्या हिवाळ्यात कोरडी धूळ आपणच पुरवावी लागते.

अंडी या दिवसांत जवळपास थांबतात. नियमित अंड्यांसाठी साधारण चौदा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात इथला दिवस जेमतेम साडेसात तासांचा. काही जण खुराड्यात दिवा लावतात. मी नाही लावत. शरद ऋतूत पिसं झडून नवी येताना कोंबडीची सगळी ताकद त्यातच जाते; तेव्हा तिला विसावा मिळायलाच हवा.

आईला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. उरलेली पोळी, भात कोंबड्यांना घालणं इथे बेकायदा आहे, मग त्या स्वतःच्या परसातल्या का असेनात. २००१मध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली. नॉर्थम्बरलँडमधल्या एका फार्मवर डुकरांना घातलेल्या खरकट्यातून ती सुरू झाल्याचं मानलं जातं. तेव्हापासून हे नियम कडक झाले. शिवाय हिवाळ्यात रानपाखरांबरोबर बर्ड फ्लू येतो. ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ इंग्लंडभर पाळीव कोंबड्या बंदिस्त ठेवायचा हुकूम होता. १ ऑक्टोबर २०२४पासून एकच कोंबडी असली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. शेजारच्या गावात कुणाचं पोट कोंबड्यांवर चालतं, आणि साथ कुंपण पाहत नाही.

इथे अंड्यांच्या कारखान्यांतल्या कोंबड्या दीड वर्षाच्या झाल्या की काढून टाकतात. त्यांना घरं मिळवून देणाऱ्या संस्था आहेत. माझ्या कोंबड्या तशाच आल्या: मान उघडी, पाठीवर पिसांचे नुसते दांडे, तुरा फिकट आणि लोंबता. चार महिन्यांत तुरा लालभडक झाला, अंग भरलं. अशा कोंबड्या जरूर आणा. पण उघड्या अंगाला ही ओल सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात घाई न करता एप्रिल उजाडू द्या.