‘अ‍ॅडजस्ट’ : सातपाटीतली टिपणे

पालघर स्टेशनात संध्याकाळची डहाणू लोकल शिरते तेव्हा डब्यातून हमखास ऐकू येतं, ‘दादा, जरा अ‍ॅडजस्ट करा ना.’ तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली 16 एप्रिल 2013 पासून. त्याआधी शटल होत्या, पॅसेंजर होत्या, आणि चौथी सीट तेव्हाही होतीच. बंगळुरात हेच ‘स्वल्प अडजस्ट माडि’ म्हणून ऐकू येतं. या वापरातला हा शब्द मला मनापासून आवडतो. मागणारा उभा आहे, देणाऱ्याचं थोडंच जातं, आणि उद्या मागण्याची पाळी देणाऱ्यावर येऊ शकते.

*

‘करा’च्या जागी ‘करून घे’ आलं की शब्दाचा नूर पालटतो. ‘अ‍ॅडजस्ट करून घे’ ही विनंती नसते. ते वरून खाली सांगितलं जातं: नव्या सुनेला, कंत्राटी कामगाराला, भाड्याच्या खोलीत सातवा म्हणून आलेल्या बोईसरच्या कारखान्यातल्या पोराला. लग्न जमवताना ‘मुलगी अ‍ॅडजस्ट करणारी आहे’ हे आवर्जून सांगतात. सासरबद्दल तसं कुणी विचारतही नाही, आणि विचारायला हवं.

*

सरकारी कागदावर हाच शब्द ‘समायोजन’ होतो. पटसंख्या घटली, शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचं दुसऱ्या शाळेत समायोजन. कागदावर एक ओळ. त्या ओळीपायी कुणाचं तरी घर, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, सगळं हलतं.

*

बोटीच्या इंजिनाशी खटपट करणाऱ्याच्या हातात अ‍ॅडजस्टेबल पाना असतो. आज सर्रास दिसणाऱ्या घडणीच्या पान्याचं पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी 1892 मध्ये घेतलं. त्याचा एक जबडा दांड्याशी पक्का. स्क्रू फिरवला की सरकतो तो दुसराच. आपल्याकडचं ‘अ‍ॅडजस्ट’ पुष्कळदा या पान्यासारखं चालतं. म्हणून तो शब्द ऐकला की मी आधी पाहतो, पक्का जबडा कोणाचा आहे.

*

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘युक्स्ता’, म्हणजे जवळ, लगत. पुढे फ्रेंचमधून येताना त्यावर न्याय या अर्थाच्या शब्दाची छाया पडली. जवळ आणणं आणि रास्त करणं, असे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. आपण वापरतो त्यात दुसरा फारसा उरलेला नाही.

*

सातपाटी हे पालघरजवळचं मच्छीमार गाव. इथे जुळवून घेण्याचा सगळ्यात जुना व्यवहार समुद्राशी आहे. खाडीत गाळ इतका साचलाय की ओहोटीला बोटी चिखलात टेकतात. आत-बाहेर करायचं ते भरतीच्या पाण्यावर. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. त्यामुळे इथल्या घरांचं जेवण, झोप, बर्फ भरणं, डिझेल भरणं हे सगळं घड्याळापेक्षा तिथीवर हलतं. डोलीचं तर जगणंच प्रवाहावर. डोल जाळं खुंटांना बांधलेलं, तोंड प्रवाहासमोर. मासा पाण्याच्या ओढीनं आत येतो. उधाणाला ओढ जोरात, भांगाच्या लहान भरतीला पाणी सुस्त, जाळं हलकं. पाणी फिरायच्या आत जाळं उचलायचं, नाहीतर आलेलं निसटतं.

हे कुणी कुणाला ‘अ‍ॅडजस्ट करून घे’ म्हणून शिकवलेलं नाही. समुद्र हट्टी आहे, पण लबाड नाही. त्याची वेळ सगळ्यांना सारखी, आणि आधी कळते. विसाव्या शतकाच्या मध्यावर होड्यांवर इंजिनं बसू लागली तेव्हा सातपाटी त्यात पुढे होती. सहकारी संस्था उभ्या केल्या, बर्फ आणि विक्री हातात घेतली. वाकायचं किती आणि कुठे हे गावानं स्वतः ठरवलं होतं. लवचिकपणा म्हणतात तो हा, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

*

पावसाळ्यात मोठं उधाण आलं की पाणी बंधारा ओलांडून किनाऱ्यालगतच्या घरांत शिरतं. भांडी वर, गाद्या वर, पोरं नातेवाइकांकडे. ‘काय बाय, दरवर्षीचंच,’ असं बायका म्हणतात. त्यांच्या सोसण्याचं कौतुक करून जो निघून जातो, त्याला बंधाऱ्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

*

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये झाली. खर्च सुमारे 76 हजार कोटी. खाडीपलीकडे मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. प्रत्येक वेळी मच्छीमारांना सांगणं एकच: थोडं सरका. पण मासेमारीची जागा बाकावरच्या जागेइतकी सरकत नाही. कुठल्या तळावर पापलेट येतं हे मासा ठरवतो, आणि शेजारच्या पाण्यात आधीच शेजारच्या बंदराची जाळी असतात. डोलीच्या कवी, म्हणजे जाळ्याचे खुंट, कुठवर रोवायच्या यावरून वसई-उत्तनचे आणि इकडचे मच्छीमार आधीच भांडत आलेत. एकाला सरकवलं की तो दुसऱ्याच्या अंगावर जातो.

*

2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी 135 मिलिमीटर. त्याहून लहान मासा धरायचा नाही. नियम मला पटतो. पिल्लू बाजारात कवडीमोलानं जातं. समुद्रात राहिलं तर वाढतं, एकदा तरी अंडी घालतं. जून-जुलैच्या बंदीमागेही हाच विचार.

पण पिल्लू सुटायचं तर जाळ्याचा आस, म्हणजे डोळा, मोठा हवा, आणि नवं जाळं महाग. सातपाटीच्या एका नाखव्यानं पदरचे पैसे घालून आस वाढवला आणि पलीकडच्या ट्रॉलरनं बारीक आस ओढत ठेवला, तर सुटलेलं पिल्लू त्या ट्रॉलरच्या पोटात जातं. नाखव्याच्या हाती कर्ज राहतं. आस वाढवायचा तर एकाच हंगामापासून सगळ्यांचा वाढायला हवा, डोल, दालदी, ट्रॉल, पर्ससीन, झाडून सगळे. आणि लहान बोटवाल्याच्या नव्या जाळ्याला सरकारचा पैसा आधी मिळायला हवा, हंगाम सुरू व्हायच्या आत, नारळी पौर्णिमेच्या आधी.