ठोका

मोटारीच्या इंजिनात सर्वांत जास्त सोसणारा भाग कोणता, असे विचारले तर बहुतेक जण पिस्टनचे नाव घेतील. मी बेअरिंगचे घेईन. क्रँक कठीण पोलादाचा. त्याला धरून ठेवणारी बेअरिंगची वाटी मात्र आतून मऊ धातूची. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी कथिलाचा मऊ मिश्रधातू यासाठी वापरात आणला. पुढे धातू बदलले, पण तत्त्व तेच राहिले. मऊपणा हा इथे दोष नव्हे, ती योजना आहे. तेलातून बारीक कण आला तर तो मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँक ओरखड्यातून वाचतो. झिजायचे ते स्वस्त वाटीने, वाचवायचा तो महाग क्रँक!

खरे तर या दोघांचा एकमेकांना स्पर्शही होऊ नये. मधे साधारण पाच शतांश मिलिमीटरची फट असते आणि तीत दाबाने तेल येते. फिरता क्रँक त्या तेलावर तरंगतो. झिजून फट वाढली की तेल बाजूने निसटते, दाब उतरतो आणि मग धातूवर धातू आपटू लागतो. तोच ठोका.

हे मला कळले ते आमच्या जुन्या डिझेल जीपमुळे. गाडी महिंद्रची, इंजिन प्यूजो धाटणीचे, चार सिलिंडरचे. वाडीपासून बाजारगावापर्यंत दुधाचे कॅन, शाळेची पोरे, म्हातारीकोतारी सारे तिच्यातूनच जातात. रात्री-अपरात्री एखादी बाई अडली तरी हाक आमच्याच दाराशी येते.

गेल्या उन्हाळ्यात घाट चढून आल्यावर ऑइलचा काटा खाली बसू लागला. सकाळी इंजिन गार असताना तो ठीक दिसे; तापले की तेल पातळ होई आणि काटा पडे. पंधरा दिवसांत आवाजही आला. अण्णांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ माझ्या कानाला लावली आणि म्हणाले, "ऐक." आत कोणी तरी बंद दारावर बोटाने टकटक करीत होते. मेस्त्रींनी मग एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून पाहिला. तिसऱ्याचा सैल करताच ठोका मंदावला. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला, कनेक्टिंग रॉडवरचा भार उतरला, म्हणून आवाजही उतरला. दुखणे सापडले.

सल्ले पुष्कळ आले. एकाने सांगितले, "जाड ऑइल घाला, ठोका दबेल. चार दिवसांत गिऱ्हाईक बघून गाडी काढून टाका." जाड तेलाने आवाज खरोखरच दबतो, पण फट तेवढीच राहते, आणि गार इंजिनात ते तेल पोचायलाही वेळ लागतो. अण्णा एवढेच म्हणाले, "घाटात ज्याची बसेल, त्याच्या गाडीत तेव्हा कोण बसले असेल, सांग." त्यावर कोणी बोलले नाही.

रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, "पोरी, तुझ्या वसतिगृहाच्या पैशाला हात लावावा लागेल. लावू का?" मी हो म्हटले. यंदा मी रोज एस. टी.ने येते ती त्यामुळे. पहाटे उठावे लागते, पण गाडीत वाचून होते.

इंजिन उतरवले तेव्हा ऑइलपॅनमध्ये चकाकणारी कणी होती. वाट्यांचा वरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस थर उघडा पडला होता. तिसरी तर चिरलीच होती. क्रँक शहरात ग्राइंडिंगला नेला. तिथल्या कारागिराने मायक्रोमीटर लावून तो कुठे लंबगोल झाला ते दाखवले, आणि सर्व गोलाई ०.२५ मिलिमीटरने उतरवली. मग वाट्याही तेवढ्याच जाड घेतल्या. एकच बदलून चालत नाही. पूर्ण संच बदलला.

जोडणीच्या वेळी माझ्याकडे वहीचे काम होते. कोणत्या रॉडची कोणती टोपी, कोणत्या बाजूने, हे मी लिहून ठेवले होते. त्यांची अदलाबदल झाली तर सगळे मुसळ केरात. क्रँकमधली तेलाची भोके तारेने आणि डिझेलने धुतली. ग्राइंडिंगचा एक कण राहिला तरी नवी वाटी खराब होते. बोल्ट मोजून आवळले. शेवटी मेस्त्रींनी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारला. काटा हलला, वर चढला, तेव्हाच त्यांनी डिझेल सुरू केले. इंजिन लागले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले.

पहिले पाचशे किलोमीटर त्यांनी गाडी ओझ्याविना, सावकाश चालवली आणि मग तेल बदलले. आता दूध वेळेवर पोचते.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्या मित्रमैत्रिणींना एकच सांगणे. इंजिन तापल्यावर रोज एकदा ऑइलच्या काट्याकडे पाहा. ठोका ऐकू येतो तेव्हा उशीर झालेला असतो. काटा त्याच्या आधी सांगत असतो.