डावा पाय

गेल्या दिवाळीत आमच्या घरात पहिली गाडी घ्यायचं ठरलं. बजेट ठरलं, रंग ठरला (पांढरा, कारण त्यावर धूळ दिसत नाही), अंगणातला पेरू तोडायचा की नाही यावरसुद्धा दोन दिवसांत एकमत झालं. अडलं ते गिअरपाशी. मी पुण्यात नोकरी करतो, आई-पप्पा वाईला असतात. गाडी वाईलाच राहणार होती. पैसे माझे, म्हणजे बँकेचे. म्हणून निर्णय तुझा, असं पप्पा म्हणाले आणि त्याच दमात पुढे म्हणाले, "ते बिनगिअरचं खेळणं तेवढं आणू नकोस."

पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. १९९० साली लागले, २०२२च्या मे अखेरीस निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी, १ जूनला, पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची विजेवरची शिवाई बस सुरू झाली. तारीख आणि मार्ग मुद्दाम निवडलेले होते. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावरून निघाली होती. आम्ही ती बातमी टीव्हीवर पाहत होतो. या नव्या गाडीला क्लच नाही, पप्पांसारख्यांच्या हाताला लागायचा तो गिअरचा दांडाही नाही. पप्पांनी बातमी शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "एक दिवस आधी सुटलो." सुटल्याचा आनंद होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. असलं काही विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

ते लागले तेव्हाच्या काही गाड्यांना खालचा गिअर टाकायला डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर. गिअरबॉक्सच्या आतली दोन दातेरी चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. त्यांचा वेग जुळवायचं काम पुढे गिअरबॉक्सच करायला लागला, तेव्हा ते माणसाच्या कानाला आणि पायाला करावं लागे. तेही मागे पन्नास माणसं बसलेली असताना, घाटाच्या वळणावर, एक-दोन सेकंदांत. चुकलं की गिअर कराकरा वाजायचा आणि मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "ड्रायव्हर नवा दिसतोय." हे वाक्य ऐकू येऊ नये म्हणून एक माणूस बत्तीस वर्षं किती मन लावून काम करत होता, ते मी लहानपणी पुढच्या सीटवर बसून पाहिलंय.

मला त्यांनीच शिकवलं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, मामाच्या ओम्नीवर. पसरणी घाटाच्या पायथ्याशी एका चढावर गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरायचे आणि स्वतःच्या पायातली एक चप्पल काढून मागच्या चाकामागे ठेवायचे. एक पाय अनवाणी, बाजूला उभे राहून म्हणायचे, "आता काढ." हाफ क्लच कुठे लागतो ते सांगून कळत नाही. इंजिनाचा आवाज थोडा खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथे पाय धरून ठेवायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. पहिल्या दिवशी चप्पल चाकाखाली गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी वाचली. पप्पांनी ती झटकून पायात घातली आणि "चल" एवढंच म्हणाले. डिग्रीचा कागद हातात आला त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्यामुळे पप्पांच्या 'खेळणं' या शब्दाला मी मनातून मान डोलावली होती, हे कबूल करायला हवं.

पण आमच्या घरात आणखी एक परवाना होता. तो आईचा. २०११ साली तिनं गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर पहाटे जाऊन गाडी शिकून घेतली, साताऱ्याला जाऊन परीक्षा पास झाली. पुढच्याच रविवारी मामाची ओम्नी घेऊन आम्ही तिघं मेणवलीला गेलो. येताना एका छोट्या चढावर पुढे बैलगाडी आली म्हणून आईनं ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. तिनं सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागे सरकली. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पप्पांनी हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "उतर. मी घेतो." ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. आई उतरली, गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे जाऊन बसली. मी चौदा वर्षांचा होतो. मागच्या सीटवर बसून मी हसलो होतो.

त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. त्या वेळी मिळालेला परवाना वयाच्या पन्नाशीपर्यंतच चालायचा. आई २०२३ला पन्नास वर्षांची झाली आणि परवान्याची मुदत संपली. मुदत संपून एक वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तेही उलटून गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गाडीसाठी कपाटातली कागदपत्रं काढताना मला ते कार्ड सापडलं. कोपरेसुद्धा घासलेले नव्हते.

पुण्यात कधीमधी मित्राची गाडी चालवतो. वाकडच्या पुलापासून हिंजवडीच्या फेज थ्रीपर्यंत डावा पाय किती वेळा क्लचवर जातो ते एकदा मोजायला घेतलं आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. "मॅन्युअलमध्ये कंट्रोल असतो," असं माझे मित्र म्हणतात. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये तासभर सरपटण्यात कसला कंट्रोल असतो, ते मला अजून समजलेलं नाही. घाटात असतो, हे मान्य. बॅटरी उतरली तर मॅन्युअल ढकलून सुरू करता येते, ऑटोमॅटिक तशी होत नाही, हेही मान्य. क्लच प्लेट कुठल्याही गावातला मेकॅनिक बदलून देतो. पण ही यादी करताना लक्षात आलं की मला मॅन्युअल हवी होती ती यातल्या कशासाठीच नाही. ती चप्पल वाचली होती म्हणून हवी होती.

मग मी पप्पांना ऑटोमॅटिकचे प्रकार समजावून सांगायला बसलो. एका प्रकारात तेलानं भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिन एकाला फिरवतं, तेलाच्या लोटानं दुसरा फिरतो, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. दुसऱ्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्या, त्यांच्यावर पोलादी पट्टा, आणि पुल्या रुंद-अरुंद होत राहतात. तिसऱ्यात क्लच दोन, एकाकडे एक-तीन-पाच, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. हे तिन्ही आमच्या बजेटबाहेर. उरला एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर तो आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आला, आणि मॅन्युअलपेक्षा पन्नास-साठ हजारांच्या फरकात मिळतो. त्यात गिअरबॉक्स तोच असतो, क्लच प्लेटही तीच.

"क्लच आहे? मग दाबतं कोण?" पप्पांनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"त्याला शिकवलं कुणी?"

"आमच्यासारख्यांनी."

"मग वाजणारच," पप्पा म्हणाले.

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला पप्पांनी सवयीनं डाव्या पायानं क्लच दाबला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली, मागे बसलेल्या सेल्समनचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं. पप्पा ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं फार कमी वेळा पाहिलंय. उरलेला वेळ त्यांनी डावा पाय सीटखाली दुमडून ठेवला. नंतर ते मागे बसले आणि मी चालवली. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी क्षणभर दम घेते, मान पुढे जाते, मग पुन्हा ओढ लागते. एएमटीचा हा दोष सगळ्यांनाच जाणवतो. पप्पा म्हणाले, "आत कुणीतरी शिकाऊ बसलाय."

पुढच्या शनिवारी मी मित्राची एएमटी घेऊन वाईला गेलो, कारण पप्पांना घाट बघायचा होता. जाताना खंबाटकी चढली ती ठीक. तिथे गिअर कधी बदलायचा याबद्दल माझं आणि गाडीचं दोन वेळा पटलं नाही, एवढंच. खरी परीक्षा पसरणीची. चढून वर गेलो आणि उतरताना पप्पा चालवायला बसले. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा त्यांचा नियम. नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. मी त्यांना दांडा बाजूला सरकवून गिअर आपल्या हातात घ्यायची सोय दाखवली. त्यांनी दुसरा टाकला आणि पायथ्यापर्यंत ब्रेक जेमतेम सात-आठ वेळा लावला. मग सपाट रस्त्यावर पुन्हा आपोआपवर टाकून दोन-तीन किलोमीटर काही न बोलता चालवत राहिले. ते ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बघ, आता बदलेल." बदलला. प्रत्येक वेळी त्याआधी अर्धा सेकंद ते अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलत होते आणि मान पुढे जात नव्हती. मॅन्युअलमध्ये क्लच दाबताना आपण रेस सोडतो, तसंच. गाडीच्या माहितीपुस्तकातली पानं वाचून मला हे सुचलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात आता निम्मा कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. नवी पोरं ती वापरतात तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द निघतात, ते 'खेळणं'च्या फार लांबचे नसतात. तेवढं आठवलं आणि मी विषय बदलला.

रात्री जेवताना मी आईला विचारलं, तू चालवशील का. ती म्हणाली, "कशाला, तुम्ही दोघं आहात की." पप्पा ताटात बघत म्हणाले, "मी नाही. मला ते जमायचं नाही." घाट ज्या हातानं उतरवला होता त्यानंच ते भाकरी मोडत होते. ते खोटं बोलत होते हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चढावर मागे जाते का ती?" मी सांगितलं की ब्रेक सोडल्यावर ही दोन-तीन सेकंद धरून ठेवते. "दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले," आई म्हणाली.

एएमटीच घेतली. आईनं नव्यानं शिकाऊ परवाना काढला, चाळिशीनंतर लागतो तो डॉक्टरचा दाखला आणला. सकाळी सहाला पप्पा तिला घेऊन त्याच चढावर जायचे. चप्पल ठेवता का, असं मी फोनवर विचारलं. "तिला कशाला चप्पल," पप्पा म्हणाले. आईकडून नंतर कळलं की पहिल्या दिवशी ठेवली होती; तिनं खाली उतरून ती उचलली, त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, आधी गाडीत येऊन बसा. मार्चमध्ये ती परीक्षा पास झाली.

पप्पा अजूनही ती गाडी चालवत नाहीत. पुण्याला माझ्याकडे यायचं असलं की एसटीच पकडतात आणि ड्रायव्हरच्या जवळची जागा बघून बसतात. आई त्यांना स्टँडवर सोडायला जाते. तिथे रिक्षांच्या गर्दीत गाडी मागे घेताना ती अजून घाबरते. पप्पा पिशवी खाली ठेवून मागे जाऊन उभे राहतात, "या, या, येऊ द्या" करतात आणि पुरेशी मागे आली की कंडक्टरसारखे पत्र्यावर दोनदा थाप मारतात.