दुसरी टेंभुर्णी

टेंभुर्णी म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती सोलापूर जिल्ह्यांतली, पुण्याच्या हमरस्त्यावरची. आमची टेंभुर्णी दुसरी. जालना जिल्ह्यांतल्या जाफराबाद तालुक्यांतली. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्याचेंच नांव दोघींना. पण नशीब निराळें. मला आलेलीं पुस्तकांचीं पार्सलें कित्येकदां सोलापूरकडचा फेरफटका करून येतात. पत्ता कोणी नीट वाचीत नाहीं म्हणून मी पूर्वीं फार चिडत असें. हल्लीं चिडत नाहीं. कारण माझ्या दुखण्याचा पत्ताही जाणत्या माणसांनीं दोन वर्षें असाच चुकीचा वाचला.

बसथांब्यापासून घरापर्यंतची वाट मी जन्मभर न मोजतां चाललों. २०२१ च्या पावसाळ्यांत ती पहिल्यानें मोजूं लागलों. शंभर पावलांत पाय जड होत, जणूं ओलें गोणपाट कोणी गुंडाळलें आहे. मारुतीच्या पारावर घटकाभर बसलें कीं पुन्हां चालतां येई. वर्गांत मी उभ्यानें शिकविणारा. तो खुर्ची ओढून बसूं लागलों आणि मुलांना सांगितलें कीं, हा निबंध बसूनच वाचावयाचा असतो! मुलांनीं विश्वास ठेवला. घरांत कोणी ठेवला नाहीं. पुढें लघवीची तक्रार आली. पन्नाशीच्या पुरुषाला ती सांगावयाची लाज, आणि ऐकणाराचें उत्तर ठरलेलें. एक डॉक्टर म्हणाले, कमरेच्या मणक्यांतली चकती सरकली. दुसरे म्हणाले, प्रोस्टेट ग्रंथि वाढली. गांवानें वात म्हटलें. ऐंशी उलटलेली माझी आई रोज रात्रीं तेल कोमट करून माझ्या पायांना चोळी. मुलानें आईचे पाय चेपावयाचे, तें असें उलटें झालेलें पाहून वाटणारी शरम दुखण्याहून भारी होती.

अखेर मुंबईच्या एका तरुण डॉक्टरांनीं कमर सोडून वरच्या पाठीचा एम. आर. आय. काढविला. मज्जारज्जूवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसल्या. मग मांडीच्या रोहिणींतून बारीक नळी घालून, क्ष-किरणांत दिसणारें औषध सोडून मूळ शोधलें. रोहिणी ताजें रक्त जोरानें आणते, नीला वापरलेलें रक्त संथपणें परत नेते, आणि मधलें केशवाहिन्यांचें जाळें दोघींचा भेद सांभाळतें. माझ्या पाठींत, मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणांत, एका मज्जातंतूच्या मुळाशीं, एक रोहिणी परभारें नीलेंत शिरली होती. निचऱ्याच्या चरांत कालव्याचें पाणी सोडलें तर शेतांतलें पाणी जाणार कोठें? शेत चिबडतें आणि पीक पिवळें पडतें. माझ्या मज्जारज्जूचें तेंच झालें होतें. हा विकार मोठा दुर्मिळ. वर्षाकाठीं दहा लाखांत पांच-दहांना होणारा, आणि तोही बहुतेक पन्नाशीपुढच्या पुरुषांना.

त्याचा इतिहास मीं इस्पितळांत पडल्या पडल्या वाचला. १९२६ साली पॅरिसच्या फ्वा आणि अलाजुआनीन ह्यांनीं, पाय हळूहळू लुळे पडत गेलेल्या दोन रोग्यांचें आणि त्यांच्या मज्जारज्जूवरील फुगलेल्या शिरांचें वर्णन केलें. पुढें कित्येक वर्षें शल्यवैद्य त्या शिरांनाच रोग समजून त्या मज्जारज्जूवरून सोलून काढीत. त्यांत रक्त बाहेर जाण्याची वाटच नाहींशी होण्याचें भय असे. १९७७ साली लंडनच्या ब्रायन केंडल आणि व्हॅलेंटाइन लोग ह्यांनीं दाखविलें कीं, रोग तेथें नाहींच. तो बाहेर, आवरणांतल्या त्या एवढ्याशा सांध्यांत आहे. शिरा बिचाऱ्या सोसणाऱ्या.

२०२३ साली माझी शस्त्रक्रिया झाली. पालथें निजवून, पाठीचें थोडें हाड काढून, सूक्ष्मदर्शकाखालीं आवरण उघडलें. आवरणांतून आंत येणारी नीला रोहिणीसारखी लालभडक झाली होती. ती तेथेंच डागून तोडली. “थोड्याच वेळांत साऱ्या शिरा निळ्या पडल्या,” शल्यवैद्य मागाहून म्हणाले, “मग त्यांना आम्हीं हातही लावला नाहीं.” नीलेला तिचें नांव परत मिळालें!

पायांत पुष्कळसें बळ आलें. काठी मात्र राहिली, लघवीची तक्रारही थोडी उरली. गेलेलीं दोन वर्षें सगळीं परत मिळत नाहींत. त्या पहिल्या डॉक्टरांवर रागवावें असें फार मनांत येई. परंतु तेव्हां मागच्या बाकावरचा एक मुलगा आठवे. तो माझ्या तासाला रोज झोंपे, आणि मी रोज त्याला उभा करी. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत रातपाळी करून तो येतो, हें मला त्याचें नांव हजेरीपटावरून गेल्यावर कळलें. दिसली ती झोंप मीं सोलून काढीत बसलों. ती कोठून येते हें विचारलें नाहीं. मग मीं कोणाला बोल लावावा?

इस्पितळांतून परतलों त्या दिवशीं बसथांब्यापासून घरापर्यंत पारावर न बसतां चाललों. आईनें तेल कोमट करून ठेवलें होतें. दुखणें पायांत नव्हतें, हें तिला समजावून सांगावें असें क्षणभर वाटलें. मग मुकाट्यानें पाय पुढें केले.