बोलणारा कंठ आणि फिरता ताल

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात ज्याचे केस पांढरे झाले त्यास गाणाऱ्या कंठापेक्षा बोलणारा कंठ सांभाळणे अधिक कठीण वाटते, हे ऐकून कित्येक रसिकांस नवल वाटेल. परंतु गाणाऱ्याला स्वर आणि ताल हे दोन जामीनदार सदैव पाठीशी असतात, आणि बोलणाऱ्याच्या आवाजातील संकोच, पाठांतराचा वास किंवा उसनी गंभीरता यांपैकी एकही दोष झाकण्याची ताकद कोणत्याही वाद्यमेळात नसते. म्हणूनच ज्या संगीतप्रकाराने बोलण्यास वारंवार पाचारण केले, आणि कधी त्याचा गौरव तर कधी त्याची फजिती केली, त्या प्रोग्रेसिव्ह रॉकविषयी मला प्रथमपासून एक व्यावसायिक कुतूहल वाटत आले आहे.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या या संगीताने तीन मिनिटांच्या गाण्याची मर्यादा झुगारून दिली, तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेस बहाल केली, आणि चार मात्रांच्या सरधोपट चालीऐवजी पाच, सात, तेरा अशा विषम मात्रांची आवर्तने, तीही एकाच रचनेत बदलत जाणारी, नित्याची करून टाकली. रॅपची घडण नेमकी उलट आहे. तेथे चार मात्रांचा ठेका अढळ राहतो, आणि त्या अढळपणाच्या भरवशावर बोलणारा शब्दाला मात्रेच्या किंचित आधी पाडतो, किंचित नंतर पाडतो, यमक ओळीच्या मध्येच आणून सोडतो आणि समेवर बिनचूक परततो. एकाची चमत्कृती तालात, दुसऱ्याची उच्चारात. आणि दोन्ही एकाच वेळी हलू लागली तर कशाच्या आधाराने काय हलले हेच श्रोत्याला कळेनासे होते. आपल्याकडील कीर्तनकाराने पद सोडून अमृतरायांचा कटाव धरला की मृदंगवादक आपली करामत आवरून सरळ ठेका धरतो, तो याच कारणास्तव. या दोहोंपैकी स्थिर कोणी राहावे, या तंट्याचे जे निकाल वेळोवेळी लागले त्यांतूनच प्रोग्रेसिव्ह रॉकमधील वाचिकाचा इतिहास घडला, असे माझे मत आहे.

प्रारंभी हा तंटा उपस्थितच झाला नाही, कारण वाद्ये मागे सरत आणि मगच वक्ता बोले. मूडी ब्लूजच्या १९६७ मधील ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ या तबकडीत ढोलवादक ग्रॅम एज याने रचलेल्या कविता माइक पिंडरने आपल्या गंभीर आवाजात वाचल्या आहेत, आणि पीटर नाइटने संचालित केलेला वाद्यवृंद त्यांच्या भोवती एखादे रेशमी आवरण घालतो. वाचन चांगले आहे, पण ते संगीताच्या आत नाही, उंबरठ्यावर आहे. पुढे निवेदकांची वहिवाटच पडली. १९७३ मध्ये जेथ्रो टलने ‘अ पॅशन प्ले’ या आपल्या गंभीर रचनेच्या मध्यावर चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट घातली आणि ती जेफ्री हॅमंडकडून सांगवली. १९७४ च्या जानेवारीत रिक वेकमनने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ज्यूल व्हर्नची पाताळयात्रा सादर केली तेव्हा निवेदनास डेव्हिड हेमिंग्ज हा नट बसवला. आणि १९७८ मध्ये जेफ वेनने तर ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’साठी रिचर्ड बर्टनचा तो खर्जातला, मखमली आवाज मिळवला. बर्टनला ऐकत राहावे, याविषयी दुमत नाही. तथापि निवेदक कथानकाची जबाबदारी अंगावर घेऊन संगीताला तीतून मुक्त करतो, आणि मुक्त झालेले संगीत बहुधा आळशी होते.

उच्चाराला वाद्याचा दर्जा देण्याचा रस्ता या मंडळींच्या कितीतरी आधी आखला गेला होता. १९२२ मध्ये खासगी बैठकीत आणि १९२३ मध्ये लंडनच्या एओलियन हॉलमध्ये जाहीर रीतीने ‘फसाड’ हे काव्यवाचन सादर झाले, त्या वेळी एडिथ सिट्वेल रंगवलेल्या पडद्याआडून, भोंग्यातून, आपल्या कविता बोलत होती आणि विल्यम वॉल्टनने त्या बोलण्यास स्वर न देता लय मात्र काटेकोर लिहून दिली होती. स्वर मोकळा आणि लय बांधलेली, हीच रॅपची अर्धी सनद. भोंगा पुढे फ्रँक झॅपाने १९७९ च्या ‘जोज गॅराज’मध्ये उचलला, परंतु तो सरकारी देखरेखीची थट्टा करण्यासाठी, आणि हॉकविंडच्या १९७३ मधील ‘स्पेस रिच्युअल’मध्ये रॉबर्ट कॅल्व्हर्ट मायकेल मूरकॉकचा मजकूर वाचतो तोही आणीबाणीच्या हुकूमनाम्याच्या थाटात. विनोदासाठी हा थाट पुरेसा होता. लयीचे काम त्यातून फारसे पुढे सरकले नाही.

ते काम दुसऱ्या टोकाकडून झाले, म्हणजे लयीचे बंधन झुगारून. पिंक फ्लॉइडच्या १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’साठी रॉजर वॉटर्सने काही प्रश्न कार्डांवर लिहिले, आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत जो कोणी हाती लागेल त्याला, मग तो द्वारपाल असो, सामान वाहणारा असो वा शेजारच्या कक्षातला वादक असो, मायक्रोफोनपुढे बसवून त्याची जबानी घेतली. तुम्ही शेवटचा हात कधी उगारलात, तेव्हा न्याय तुमच्या बाजूस होता काय, अशा थाटाचे ते प्रश्न. पॉल मॅकार्टनीचीही जबानी झाली, आणि ती वगळण्यात आली, कारण जन्मभर लोकांपुढे बोलण्याची सवय असलेला तो मनुष्य सावधपणे गमतीदार उत्तरे देत होता. जेरी ओ’ड्रिस्कॉल या द्वारपालाचे शब्द मात्र तबकडीच्या अगदी शेवटी, हृदयाच्या ठोक्यांवर, राहिले. माझ्या धंद्यात श्वास कापणे, अडखळणे पुसणे, वाक्याची शेपटी नीट करणे हे रोजचे काम आहे. आणि हे मुद्रण ऐकताना मला नेहमी वाटते की येथे ते काम कोणी केले असते तर सारेच फुकट गेले असते. ही माणसे तालात बोलत नाहीत आणि त्यांना तालाची खबरही नाही. म्हणून खाली संगीत काहीही करण्यास मोकळे राहते. त्याच तबकडीतील ‘मनी’ सात मात्रांत चालते, पण गिटार मोकळी सोडायची वेळ येताच वादक चार मात्रांवर उतरतात. गिटारीलाही जी सवलत लागली ती या बोलणाऱ्यांना लागली नाही.

या पद्धतीचा सर्वांत धाडसी उपयोग किंग क्रिम्झनने १९८१ च्या ‘डिसिप्लिन’मध्ये केला, आणि त्या तबकडीविषयी माझा पक्षपात लपवण्याची मला इच्छा नाही. ‘इनडिसिप्लिन’ या रचनेत गायक एड्रियन बेल्यू जे बोलतो ते त्याच्या तत्कालीन पत्नीने स्वतःच्या एका कलाकृतीविषयी त्याला लिहिलेल्या पत्रावर आधारलेले आहे. पण ती वस्तू कोणती हे तो शेवटपर्यंत सांगत नाही, आणि त्यामुळे साध्या घरगुती वाक्यांना एखाद्या गुप्त कैफियतीचे स्वरूप येते. तो बोलतो तेव्हा वाद्यमेळ दबा धरून बसतो, खाली एक बारीक नाडी तेवढी चालू राहते, बिल ब्रुफर्डचे ढोल तिच्याभोवती तुटक, अनपेक्षित आघात टाकीत असतात. आणि आता केव्हा भडका उडेल या धास्तीत श्रोत्याला एरवी क्षुल्लक वाटले असते असे प्रत्येक वाक्य जड वाटू लागते. ‘थेला हुन गिंजीत’ची हकिकत तर याहून विलक्षण. रस्त्यावरील धोक्याविषयी काही बोलून टेप करावे म्हणून बेल्यू लंडनच्या नॉटिंग हिल भागात यंत्र घेऊन हिंडत असता तेथील काही दांडगट तरुणांनी त्याला पोलिसांचा माणूस समजून घेरले, आणि तेथून सुटतो न सुटतो तोच खऱ्या पोलिसांनी त्याला हटकले. तो थरथरत स्टुडिओत परतला, सोबत्यांना सारे सांगू लागला, आणि त्यांपैकी रॉबर्ट फ्रिपने खुणेनेच मुद्रण सुरू करवले. ते बोलणे जसेच्या तसे, दोन गिटारींच्या परस्परांत गुंतलेल्या वेगवान विणीवर ठेवलेले आहे. नटाने ते अभिनयाने करून दाखवले असते तर श्रोत्याने दुसऱ्याच वाक्याला त्याला ओळखले असते.

पुढे रॅपचा प्रभाव सर्वत्र पसरल्यावर कॅनडातील रश या त्रयीने १९९१ मध्ये ‘रोल द बोन्स’ या गीताच्या मध्यभागी खरोखरीच रॅप घातला. शब्द नील पर्टचे. बाहेरून कोणी रॅपर आणावा काय असाही विचार झाला. अखेर गेडी लीचाच आवाज यंत्राने खाली उतरवून वापरण्यात आला. विषम मात्रांत लीलया वावरणारे हे वादक त्या तुकड्यात निमूटपणे चार मात्रांचा सरळ ठेका धरतात, म्हणजे तंट्याचा निकाल त्यांना अचूक ठाऊक होता. तरीही प्रयोग फसला, आणि माझ्या मते त्याचे कारण यंत्रात आहे. आवाज असा खाली ओढला की स्वरांना भारदस्तपणा येतो, पण व्यंजने बोथट होतात, आणि रॅपचा जीव व्यंजनांत असतो. त, ट, क, प यांच्या धारेवर लय कापली जाते. गीताच्या चित्रफितीत हा भाग एक सांगाडा म्हणतो, त्यावरून मंडळींनी हा प्रकार अर्धा थट्टेवारी नेला होता हे उघड आहे, आणि थट्टा म्हणून त्याविषयी माझी काही तक्रार नाही.

उलट दिशेची देवघेव मला अधिक फलदायी वाटते. कान्ये वेस्टने २०१० च्या ‘पॉवर’मध्ये किंग क्रिम्झनच्या १९६९ मधील ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’चा तुकडा घेतला. मूळ रचनेत ग्रेग लेकचा मुद्दाम विद्रूप केलेला आवाज आहे, आणि मध्यभागी वाद्ये एकदिलाने धावतात, थबकतात, पुन्हा उसळतात. नव्या गीतात त्यातले काही क्षण तेवढे कापून, पुनःपुन्हा फिरवून, एका जागी खिळवले आहेत, आणि चंचल संगीताला असे पायबंद घातल्यानंतर त्याच्या पाठीवर बोलण्याची मुभा रॅपरला आपोआप मिळते. ट्रॅव्हिस स्कॉटच्या २०२३ मधील ‘युटोपिया’चा प्रारंभही जेंटल जायंटच्या १९७४ च्या ‘प्रोक्लमेशन’मधील समूहघोषाने होतो, त्या घोषातील कंठांची गुंतागुंत कानी पडते न पडते तोच ठेका उतरतो आणि रॅपर आपल्या कामास लागतो.