दुसरा कॅमेरा कुणाच्या हातात?



परवा जालन्याहून एका गावाला निघालो, तेव्हा अंबड चौफुलीवर दुचाकी उभी करून आम्ही पंधरा मिनिटं वाद घातला. वाद विचारधारेवरून नव्हता, गटातटावरून नव्हता, जयंतीच्या अध्यक्षपदावरूनही नव्हता (चळवळीतल्या लोकांना हे खरं वाटणार नाही, पण नव्हता). सॅकमध्ये दुसरा कॅमेरा टाकायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. एकाचं म्हणणं, ओझं कशाला, खिशात मोबाईल आहेच. दुसऱ्याचं म्हणणं, मागच्या पावसाळ्यात काय झालं ते विसरलास का?

त्या पावसाळ्याचं सांगणारच आहोत. आधी ओझ्याचं बोलू.

कमी सामानात प्रवास कसा करावा, याचे सल्ले हल्ली मोबाईलवर भरपूर येतात. ते देणारे लोक हौसेने फिरतात. आमचं सामान कमी असतं त्याचं कारण वेगळं आहे. दोन माणसं, एक दुचाकी, एक सॅक. सॅकमध्ये कोरे कागद, अंगठा घ्यायला शाईचं पॅड, अॅट्रॉसिटी कायद्याची मराठी प्रत, पाण्याची बाटली आणि घरून बांधून घेतलेल्या भाकरी. जिथे आपल्या वस्तीवर बहिष्कार आहे, तिथल्या हॉटेलात चहा मिळेलच असं नाही. पंक्चर काढणारा आज दुकान बंद आहे म्हणू शकतो. काळ्या रानात पाऊस झाला की मडगार्डात चिखल भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी गाडी तिथेच सोडून चार-पाच किलोमीटर चालत डांबरी रस्त्याला लागता येईल, इतकंच सामान घ्यायचं हा आमचा नियम.

यात नवीन काही नाही. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरत होते. एका बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला ते चाळीसगावला थांबले. तिथे टांगा मिळाला, पण अस्पृश्याला बसवून तो हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. मग कधीच टांगा न हाकलेला आपल्यातलाच एक माणूस पुढे बसला. नाल्यावरच्या पुलाशी चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. सरकारी समितीचा सदस्य, परदेशातून शिकून आलेला बॅरिस्टर, आणि त्याला वस्तीपर्यंत नेणारं वाहन नाही. आपल्या सत्यशोधनाच्या दौऱ्यांत रस्ताच आपल्या विरोधात असू शकतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून ओझं कमी ठेवा म्हणणाऱ्या आमच्या सोबत्याचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही.

आता त्या पावसाळ्याचं. गावाचं नाव देत नाही, प्रकरण कोर्टात आहे. सकाळी फोन आला की गायरानावरच्या तीन घरांच्या कपाशीत रात्री ट्रॅक्टर घातला. आम्ही एक कॅमेरा घेऊन निघालो. जुना, वर्गणीतून घेतलेला, मुठीत मावणारा. पोचलो तेव्हा कपाशी मुळासकट उलटून पडली होती, टायरचे खोल पट्टे ओल्या मातीत ताजे होते आणि बांधावर एका घराचा मोडलेला पत्रा पडला होता. अकरा फोटो झाले. बाराव्याला लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली ती अडकलीच. दमट हवा असेल, मातीचा कण असेल. मोबाईल काढावा तर पोलीस ठाणं, तहसील आणि वकील यांना फोन करकरून त्याची बॅटरी संपलेली. वस्तीत वीज नव्हती. आम्ही जबाब लिहून घेतले, अंगठे घेतले आणि उद्या उसना कॅमेरा आणू असं ठरवून परतलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर रानात काहीच नव्हतं. रात्रीतून पुन्हा ट्रॅक्टर आला होता आणि सगळं नांगरून सपाट झालं होतं. काल इथे कपाशी होती, हे आता फक्त बाया सांगत होत्या.

गायरानाच्या लढ्यात याचा अर्थ काय, हे मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याला समजावून सांगावं लागत नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आपण घोकलेला आहे. पण त्याचा लाभ मिळायला नोंद लागते आणि गाव नमुना १-ई तलाठ्याच्या हातात असतो. ज्याची नोंद कधी घेतलीच गेली नाही, त्याच्याजवळ ताब्याचा पुरावा म्हणून रानातलं उभं पीक असतं. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दलित-आदिवासींच्या पिकाची नासधूस करणं हा अॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्टपणे गुन्हा ठरवला. गुन्हा ठरला, पण नांगरलेल्या मातीत नासधूस दिसणार कशी? ती पहिल्या दिवशीच दिसते, कधी कधी पहिल्या दोन तासांतच.

आणि त्या अकरा फोटोंचं काय झालं? घरी येऊन पाहिलं तर प्रत्येकावर १ जानेवारीची तारीख. बॅटरी पूर्ण उतरली की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ मूळपदावर जायचं आणि निघताना ते कुणी तपासलंच नव्हतं. भर पावसाळ्यातली कपाशी आणि तारीख शौर्यदिनाची! आरोपीच्या वकिलाला उलटतपासणीत दुसरं काही विचारायची गरजच पडली नसती. ही चूक पूर्णपणे आमची होती.

एक धागा उरला होता. दहावीतल्या एका मुलीने पहाटे काकाच्या मोबाईलवर ट्रॅक्टरचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. हात थरथरत होता, पण ट्रॅक्टर दिसत होता, आवाज येत होता. तो तिने व्हॉट्सअॅपवर पाठवला, चौदा जणांनी पाहिला, पुढे पाठवला. मोबाईलमध्ये जागा उरली नाही म्हणून काकाने मूळ व्हिडिओ काढून टाकला. चौदा फोनांत नक्कल, मूळ कुठेच नाही.

मूळ आणि नक्कल यांतला फरक अख्ख्या देशाला शिकवणारा खटला आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असं म्हणत कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या सरकारी कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. कोर्टात आल्या त्याच्या सीडी, आणि सोबत लागणारं कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं आणि त्याच निकालात कायदा पक्का केला: ज्या यंत्रावर चित्रीकरण झालं ते मूळ यंत्र कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल दिली तर प्रमाणपत्र बंधनकारक. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपला आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, द्यावा लागतो.

विचार करा. आमदारकी लढवणाऱ्या माणसाला सरकारी कॅमेऱ्याच्या प्रमाणपत्रासाठी इतकं झगडावं लागलं. गायरानावरच्या बाईने कुणाकडे मागायचं? तिला स्वतःचंच मूळ जपावं लागणार.

इथेच ‘मोबाईल आहे की’ हा युक्तिवाद आम्हाला पटेनासा झाला. मोबाईल चांगले फोटो काढतो, याबद्दल वाद नाही. पण त्या पोराचा, त्या काकाचा मोबाईल हाच मूळ पुरावा ठरला की तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि परत कधी मिळेल ते कोर्ट ठरवतं. मजुराच्या घरात तेवढा एकच मोबाईल असतो. मुकादमाचा फोन त्यावर, गॅसचा नंबर त्यावर, बँकेचा ओटीपी त्यावर, लेकराचा अभ्यास त्यावर. दुसऱ्या एका गावात आम्ही पाहिलं, पोलीस मोबाईल नेतील या भीतीने माणसाने व्हिडिओ आहे हेच सांगितलं नाही. त्याला भित्रा म्हणणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. आम्ही म्हणणार नाही.

म्हणून आमचं मत असं बनलं की दुसरा कॅमेरा घ्यायचाच, पण आमच्या सॅकमध्ये परत आणण्यासाठी नाही. तो वस्तीत ठेवून यायचा. दुसऱ्या रात्री ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही जालन्यात झोपलो होतो. आमच्याजवळ चार कॅमेरे असते तरी काय उपयोग झाला असता? त्या गावातल्या एका आजीने हे आम्हाला आमच्यापेक्षा आधी सांगितलं होतं, “बाबा, तुमी जाल जालन्याला. आमी हितंच हाओत.” तेव्हा आम्ही ते वाक्य जबाबात लिहून घेतलं आणि पुढे गेलो. कळायला दोन पावसाळे गेले.

महागडं काही लागत नाही. काच तडकलेला जुना स्मार्टफोन, सिमकार्ड काढून टाकलेला, आत एक नवं मेमरी कार्ड. जमा झालाच तर कुणाच्या घराचा संपर्क तुटत नाही. सोबत एक वही, कधी काढलं, कुणी काढलं, कुठे उभं राहून काढलं, ते लिहायला. फोटो पुढे पाठवायचा तर नकलेचा पाठवायचा, मूळ जिथे आहे तिथेच ठेवायचं, काही पुसायचं नाही. आणि पीडित स्त्रीचा, लेकरांचा चेहरा काढून फिरवायचा नाही; लैंगिक अत्याचारात तर ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. बॅनरवर झळकायच्या घाईत आपलेच लोक हे विसरतात, ते लिहायला वाईट वाटतं, पण विसरतात.

यावर आमच्यातल्याच एका ताईने आक्षेप घेतला आणि तो खोडून काढता आलेला नाही. कॅमेरा ज्याच्या घरात, तो घर गावाच्या डोळ्यांवर येतो. तुम्ही पुरावा वस्तीत ठेवत नाही, धोका ठेवून येता, असं ती म्हणाली. खरं आहे. त्यावर आम्ही एवढंच करू शकलो की फोन एकाच्या नावावर ठेवत नाही, बायांचा गट ठरवेल त्या घरी फिरता राहतो, आणि कुठे आहे ते आम्हालाही सांगू नका असं सांगतो. धोका यानेही संपत नाही. पण त्या तीन घरांनी कॅमेरा नसतानाही काय भोगलं ते पाहिलेलं असल्यामुळे, ठेवायचा की नाही हे आम्ही न ठरवता त्यांच्यावर सोडतो. एका वस्तीने नको म्हटलं. आम्ही परत घेऊन आलो.

परवा चौफुलीवर शेवटी रेनकोट काढून ठेवला आणि तो जुना फोन सॅकमध्ये गेला. वस्तीतल्या बायांनी बराच वेळ चर्चा केली, आम्हाला बाहेर बसवून. मग ठेवून घेतला. परतताना अंबडच्या अलीकडे पावसाने गाठलं. आमचा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत, आणि आम्ही दोघं ओलेचिंब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या एका मुलीचा आईच्या मोबाईलवरून फोन आला, “दादा, त्यातलं घड्याळ पाच मिनटं मागं आहे. नीट करू का?”

आम्ही म्हणालो, आधी वहीत लिही. मग कर.